ओमानचे बालस्वार आणि कुंपणाबाहेरचे आईबाप

२०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात पोर्ट लुईला युनेस्कोची एक मोठी सभा भरली होती. जगातील लोककला, लोकखेळ आणि चालीरीती यांची एक यादी युनेस्को ठेवते. आपला सेगा त्या यादीत २०१४ साली गेला आणि गीत-गवाई २०१६ साली. या यादीत नवी भर कोणाची घालायची, हे ठरविण्यासाठी ती सभा होती. जमैकाचे रेगे संगीत त्याच सभेत यादीत गेले, म्हणून आपल्या तरुण मंडळींना ती आठवतही असेल. पण त्याच आठवड्यात, आपल्याच राजधानीत, ओमान देशाच्या घोड्याउंटांच्या ‘अर्दा’लाही तो मान मिळाला, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आले? आमच्या तर आले नव्हते. पुढे पुष्कळ दिवसांनी ओमानमधील लहान मुलांच्या घोडेस्वारीविषयी वाचताना ते नजरेस पडले, आणि घरी आलेल्या पाहुण्याला न भेटल्याची चुटपुट लागली.

अर्दा म्हणजे घोड्यांचे आणि स्वारांचे प्रदर्शन. सणासुदीला, राष्ट्रीय दिनी, मोठ्या समारंभात गावोगावचे घोडे चांदीच्या साजाने मढवून मैदानात आणतात. दोन स्वार जोडीने चौखूर दौडत येतात, एकमेकांचा हात धरतात आणि धावत्या घोड्याच्या पाठीवर उभे राहतात. ही विद्या पुस्तकातली नाही. बापाकडून, आजोबांकडून, चुलत्याकडून ती मुलाकडे येते. ज्या घरात घोडा आहे त्या घरातले पोर चालू लागते तेच घोड्याच्या पायांमधून.

याच मातीत गेल्या काही दशकांत एक परका खेळही रुजला आहे. मैदानात रंगीत दांड्यांचे अडथळे मांडायचे आणि ठरलेल्या क्रमाने घोडा त्यांवरून उडवीत न्यायचा. याला शो जंपिंग म्हणतात. देशाच्या अश्वारोहण महासंघाकडे शर्यती, लांब पल्ल्याची दौड आणि भाल्याने मेख उचलण्याचा खेळ यांच्याबरोबर हाही खेळ आहे. मोठी माणसे उंच घोड्यांवर असतात, आणि लहान मुले तट्टांवर. आजचा आमचा विषय ही लहान मुले.

तत्पूर्वी थोडे विषयांतर करतो. ओमानचा घोडा आपल्याला परका नाही. मस्कतच्या दक्षिणेला समुद्रकाठी कल्हात नावाचे एक जुने बंदर आहे. आज तेथे पडक्या भिंती आणि बीबी मरियमची कबर एवढेच शिल्लक आहे. या उजाड शहरालाही युनेस्कोने २०१८ सालीच जागतिक वारसा म्हणून मान दिला. तेराव्या शतकातील मार्को पोलो सांगतो की, कल्हातहून हिंदुस्थानात पुष्कळ घोडे जातात आणि त्या व्यापारात चांगला नफा होतो. दख्खनच्या सुलतानांना घोडे हवे असत, आणि ते समुद्रमार्गे कोकणच्या बंदरांत उतरत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी असाच एक घोडा जहाजावर चढवून होर्मुझहून मस्कतमार्गे निघाला आणि चौलला उतरला. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला. ‘धर्म बदल, घोडा परत देतो’ असा त्याचा हट्ट होता. मध्ये एक भला माणूस पडला म्हणून घोडा सुटला. आपल्याकडे घोड्यांना साखर आणि तेल घालून शिजविलेली खिचडी चारतात, हेही या निकितिनने नवलाने लिहून ठेवले आहे.

आपले बहुतेकांचे पणजोबा, खापरपणजोबा त्याच कोकणातून या बेटावर आले. समुद्रापलीकडून आलेल्या या घोड्यांचा आणि देशावरच्या काटक डोंगरी तट्टांचा संकर होऊन भीमेकाठची जात तयार झाली, असे जाणकार मानतात. ‘भीमथडीची तट्टे’ हा शब्द तुम्ही आजीच्या तोंडून ऐकला असेल. मराठ्यांची दौड झाली ती याच बुटक्या जनावरांवर. तेव्हा तट्टू म्हटले की नाक मुरडू नये.

तट्टू कोणाला म्हणावे याचा नियम मात्र आता जातीवर नाही, फूटपट्टीवर आहे. मान जेथे पाठीला मिळते तेथवर जमिनीपासून मोजायचे. नाल नसताना १४८ सेंटिमीटरपर्यंत भरले तर ते आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तट्टू, त्याहून उंच तो घोडा. म्हणजे एखादा लहान चणीचा अरबी घोडा, ज्याच्या वंशावळीचा मालकाला केवढा अभिमान, तोही या मापाने तट्टूच ठरतो!

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तट्टांवरील स्वार १२ ते १६ वर्षांचे असावे लागतात. त्याहून लहान मुले आपापल्या शाळांच्या आणि देशातल्या छोट्या स्पर्धांत उतरतात. त्यांचे अडथळे कधी कधी आपल्या गुडघ्याएवढेच असतात. पहिले काही महिने तर उडी नाहीच. शिक्षक लांब दोरीला तट्टू बांधून स्वतःभोवती गोल फिरवितो, आणि मूल लगाम न धरता, हात पसरून, फक्त मांड पक्की करायला शिकते. मग दांडे जमिनीवर ठेवून त्यांवरून चालविणे, मग दुडकी, मग दोन दांडे फुलीसारखे लावून छोटीशी उडी. ओमानमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. म्हणून हा सारा खेळ साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत, तोही उन्हे उतरल्यावर चालतो. मस्कतच्या आसपासच्या रपेट शाळांत ओमानी मुलांबरोबर नोकरीनिमित्त आलेल्या परदेशी घरांतील मुलेही असतात. मुलींना वेगळी स्पर्धा नाही. मुलगा असो की मुलगी, अडथळे तेच आणि घड्याळ तेच. ओमानच्या शाही घोडदळात स्त्रिया स्वार आहेत, त्यामुळे मुलगी खोगिरावर बसली म्हणून तेथे कोणी भुवया उंचावीत नाही.

स्पर्धेचा प्रसंग असा असतो. मुले आधी पायी मैदानात जातात. शिक्षकाबरोबर एका अडथळ्यापासून दुसऱ्यापर्यंत पावले मोजीत चालतात. तट्टाची टाप घोड्याहून आखूड, म्हणून अंतरेही त्या बेताने ठेवलेली असतात. आठ, दहा, बारा अडथळे आणि त्यांचा क्रम सारे तोंडपाठ करायचे. कागद जवळ ठेवता येत नाही. लाल निशाण उजवीकडे आणि पांढरे डावीकडे राहील अशा बाजूनेच उडी मारायची. मग घंटा वाजते आणि ४५ सेकंदांचा अवधी मिळतो, त्यात सुरुवात करायची. दांडा पडला की चार दंडगुण. तट्टू अडले की चार. आंतरराष्ट्रीय नियमाने दुसऱ्यांदा अडले की बाहेर, लहानांच्या काही स्पर्धांत पंच तिसरी संधी देतात. स्वार पडला तर खेळ तेथेच संपला. चाबकाचा अतिरेक केला तरी बाद. सर्वांत कमी दंड ज्याचा तो जिंकला, आणि बरोबरी झाली तर घड्याळ निकाल देते.

आपल्या लहानपणी घराघरांत एक कोडे घालीत. पान का सडले, भाकरी का करपली, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच: फिरविले नाही म्हणून. या खेळातही उत्तर तेच आहे, फक्त अर्थ थोडा निराळा. तट्टू दांड्यापुढे पाय रोवते, तेव्हा दोष बहुतेक वेळा दांड्याचा नसतो, आधीच्या वळणाचा असतो. मुलाने उशिरा वळविले, वाकडे आणले, वेग मारला, म्हणजे तट्टाला उडीची जागाच सापडत नाही. ते थांबते आणि मूल मानेवरून पुढे जाते. दहा वर्षांच्या पोराला आपली चूक इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे दुसरे कोण सांगणार?

आता आईबापांकडे वळू. ते कुंपणाबाहेर असतात, आणि नियमाप्रमाणे त्यांनी गप्प राहायचे असते. ‘डावीकडे!’ ‘आता वळव!’ असे बाहेरून कोणी ओरडले तर ती बाहेरची मदत समजली जाते आणि पंच त्या मुलाला बाद करू शकतात. लेकरू चुकीच्या अडथळ्याकडे निघाले आहे हे आईला दिसते, पण तिने पदर तोंडाशी धरून नुसते पाहायचे. आम्हांला या खेळात सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच नियम. सव्वा मिनिट ते मूल आणि ते जनावर, मध्ये कोणी नाही.

हा नियम एवढा मोलाचा का वाटतो, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. मस्कतच्या पश्चिमेला बरका नावाचा जिल्हा आहे. तेथे घोड्यांच्या शर्यतींचे अल रहबा हे मैदान आहे आणि उंटांच्या शर्यतींचे अल फुलैज हे मैदानही आहे. उंटांच्या शर्यतीत उंटाच्या पाठीवर आज एक छोटे यंत्र बसविलेले असते. मालक मोटारीतून धावपट्टीच्या कडेने धावतो, दूरनियंत्रकाने यंत्राचा चाबूक फिरवितो आणि बिनतारी यंत्रातून उंटाला ओरडून चेतवितो. हे पाहून हसू येते. पण या यंत्राच्या जागी पूर्वी आखाती देशांत लहान मुले बसत, हे कळले की हसू मावळते. वजन कमी भरावे म्हणून चिमुकली पोरे निवडली जात. त्यांतली पुष्कळ पाकिस्तान, बांगलादेश, सुदान अशा देशांतल्या गरीब घरांतून आणलेली, काही तर पळविलेली. २००५ साली संयुक्त अरब अमिरातींनी याला कायद्याने बंदी घातली आणि युनिसेफच्या मदतीने हजारावर मुले मायदेशी परत पाठविली. त्याच वर्षी कतारमध्ये यंत्रे उंटांवर चढली. पुढे ती साऱ्या आखातात पसरली, आणि ओमानच्या धावपट्ट्यांवरही आज तीच दिसतात.

म्हणजे त्याच वाळूत, जनावराच्या पाठीवर बसलेले लहान मूल असे दोन प्रकारे दिसते. एका ठिकाणी मूल म्हणजे वजनाचा काटा होते, हुकूम बाहेरून येई आणि बक्षीस मालकाचे असे. दुसरीकडे हुकूम मुलाचा, चूक मुलाची आणि फीतही मुलाची. मात्र आम्ही हे भाबडेपणाने म्हणत नाही. तट्टू महाग, चारा महाग, शिक्षक महाग. जेथे आईबापांनी एवढा पैसा ओतला तेथे त्यांची हाव कुंपण ओलांडून आत जायला वेळ लागत नाही. जिंकता यावे म्हणून लेकराच्या आवाक्याबाहेरचे तापट तट्टू घेऊन देणारे बाप सगळ्याच देशांत असतील. त्यांना पंच बाद करू शकत नाही.

आपल्या बेटाला तर हे सांगायला नकोच. पोर्ट लुईच्या शाँ द मार्सवर १८१२ पासून घोडे धावत आहेत. आम्हीही लहानपणी वडिलांचे बोट धरून तेथे गेलो आहोत. गर्दी, भजी, धूळ, आरोळ्या, सारे आठवते. घोड्याचा वास मात्र आठवत नाही, कारण आम्ही त्याच्या जवळ कधी गेलोच नाही. घोडा म्हणजे वडिलांच्या हातातील चिठ्ठीवरचा आकडा. ती चिठ्ठी फाटली की घरी परतताना कोणी बोलत नसे. पुष्कळ घरांत घोड्याचे नाव काढले की आजही आईचा चेहरा उतरतो, आणि तो का उतरतो हे आपण जाणतो. म्हणून एखाद्या नातवाने ‘मला घोड्यावर बसायचे आहे’ म्हटले, तर पटकन ‘नको’ म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे की त्याला हवा असलेला घोडा आणि आपल्याला ठाऊक असलेला घोडा हे दोन वेगळे आहेत. फ्लोरेअलच्या बाजूला घोडेस्वारी शिकविणारा क्लब आपल्याकडेही आहे.

कोणी मुलाला पाठविणारच असेल तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. हनुवटीखाली पट्टा असलेले, मापाचे हेल्मेट असल्याशिवाय मुलाला जनावराजवळही जाऊ देत नाहीत ना? अर्दामध्ये ओमानी स्वार डोक्याला मसर बांधतात. ते शोभते खरे, पण दांड्यांवरून उडणाऱ्या मुलाला तेथेही मसर उतरवून हेल्मेट घालावे लागते. जोराने आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी टाकून द्यायचे. दुसरी गोष्ट, उडी मारल्यावर काय करवितात ते पाहावे. चांगल्या शाळेत फेरी संपली म्हणजे मुलाचे काम संपत नाही. खाली उतरायचे, खोगिराचा तंग सैल करायचा आणि तट्टाचा श्वास खाली बसेपर्यंत त्याला हाताने धरून सावकाश चालवायचे. मग अंगावर पाणी, पायांवर पाणी, खुरांतली वाळू आकड्याने खरवडून काढायची, बादली भरून पुढे ठेवायची. फीत मिळाली असो वा नसो. मस्कतला ही कामे दिव्यांच्या उजेडात चालतात, आणि आईबाप तेव्हाही बाहेर मोटारीपाशी वाट पाहत उभे असतात.