कोळंबी कुठली? अमेरिकी ताटातल्या मासळीचा देश

मेक्सिकोच्या आखाताकाठी, लुइझियानात किंवा मिसिसिपीत, एखाद्या रेस्टॉरंटात शिरलात तर भिंतीवर जाळी टांगलेली असतात, खिडकीतून कोळंबीच्या बोटी दिसतात. पुढ्यात आलेली तळलेली कोळंबी त्याच बोटींतून उतरली असं गिऱ्हाईक धरून चालतं. प्रत्यक्षात ती आंध्र प्रदेशातल्या तळ्यात वाढलेलीही असू शकते. अमेरिकेत खाल्ली जाणारी बहुतेक कोळंबी बाहेरून येते आणि गेली काही वर्षं तिचा सर्वांत मोठा पुरवठादार भारत आहे. म्हणूनच मासळीचा मूळ देश सांगण्याविषयीचे तिथले कायदे आपणही नीट समजून घ्यायला हवेत. त्यांच्याभोवती गैरसमज बरेच आहेत.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की दुकानातल्या पाकिटावर देश लिहावा लागतो, म्हणजे मेनूकार्डावरही लिहावा लागत असणार. तसं नाही. अमेरिकेचा केंद्रीय नियम २००२ च्या कृषी कायद्यातून आला आणि मासळीला तो ४ एप्रिल २००५ पासून लागू झाला. मासळी कोणत्या देशाची आणि ती मोकळ्या पाण्यात पकडलेली की पाळलेली, या दोन्ही गोष्टी दुकानदाराने सांगायच्या. पण रेस्टॉरंटं, कँटीन, खानावळी यांना त्यातून सरळ वगळलं आहे. शिवाय ‘दुकानदार’ कोण, याची व्याख्या भाजीफळांच्या व्यापाराच्या १९३० च्या एका जुन्या कायद्यातून उचलली आहे. वर्षाला २ लाख ३० हजार डॉलरहून अधिक किमतीची फळं-भाज्या खरेदी करणारा तो दुकानदार. याचा परिणाम असा, की सुपरमार्केटातल्या मासळीवर देशाचं नाव असतं आणि फक्त मासळीच विकणारं कोपऱ्यावरचं दुकान नियमाबाहेर राहतं. मासळीच्या कायद्यातून मासळीवालाच सुटावा, ही मला त्यातली मोठी उणीव वाटते.

सुपरमार्केटातही सगळी मासळी या नियमात येत नाही. सोललेली, दोरा काढलेली, गोठवलेली कोळंबी नियमात बसते. तिलाच पावाचा चुरा लावला, ती शिजवली किंवा धुरी देऊन टिकवली, की तो ‘प्रक्रिया केलेला पदार्थ’ होतो आणि दुकानदारावरचं हे बंधन सुटतं.

मग रेस्टॉरंटवाल्याने काहीही सांगावं का? हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. मिसिसिपीतल्या बिलॉक्सी शहरातल्या एका नामवंत, जुन्या रेस्टॉरंटने २०२४ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. मेनूवर किनाऱ्यालगतच्या महागड्या माशांची नावं होती आणि ताटात आफ्रिका, भारत, दक्षिण अमेरिकेतून आलेले गोठवलेले स्वस्त मासे. २०१३ ते २०१९ या काळात असे सुमारे ५८,७५० पौंड, म्हणजे साडेसव्वीस टनांहून अधिक मासे विकले गेले होते. रेस्टॉरंटला साडेतेरा लाख डॉलर जप्तीपोटी भरावे लागले, शिवाय वेगळा दंडही झाला. हा खटला मूळ देशाच्या नियमाखाली चालला नव्हता, खाद्यपदार्थाला खोटं नाव देण्याबद्दल चालला होता.

केंद्रीय कायद्याचा सगळा पेच इथे आहे. रेस्टॉरंटने खोटं सांगणं गुन्हा आहे, गप्प बसणं नाही. मेनूवर ‘आखातातली कोळंबी’ लिहून परदेशी कोळंबी वाढली तर पकडले जाल. नुसतं ‘कोळंबी’ लिहिलं, भिंतीवर जाळी टांगली आणि बाकीचं गिऱ्हाइकाच्या समजुतीवर सोडलं, तर कायद्याला बोट ठेवायला जागा नाही.

ती जागा राज्यांनी भरायला घेतली. लुइझियानाने २०१९ पासून आयात कोळंबी आणि क्रॉफिश (गोड्या पाण्यातली, छोट्या शेवंडीसारखी दिसणारी) वाढणाऱ्या रेस्टॉरंटांना तसं गिऱ्हाइकाला कळवणं बंधनकारक केलं आणि २०२५ च्या सुरुवातीपासून हे नियम आणखी कडक केले. अलाबामात १ ऑक्टोबर २०२४ पासून मासळी देशी की आयात आणि पकडलेली की पाळलेली, हे रेस्टॉरंटलाही सांगावं लागतं. मिसिसिपीचा कायदा १ जुलै २०२५ ला आला. टेक्ससने मात्र त्याच वर्षी वेगळी वाट धरली. आयात कोळंबीला टेक्ससची किंवा अमेरिकेची म्हणायचं नाही, एवढंच तिथला कायदा म्हणतो. देश आपणहून सांगायची सक्ती तो करत नाही. ‘आखाती राज्यांत आता सगळीकडे एकच नियम आहे’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतो.

‘जागतिक व्यापार संघटनेने हे सगळं रद्द करायला लावलं’ असंही ऐकू येतं. त्यात अर्धंच तथ्य आहे. कॅनडा आणि मेक्सिको यांच्या तक्रारीवरून अमेरिकी संसदेने डिसेंबर २०१५ मध्ये गोमांस आणि डुकराच्या मांसापुरती ही सक्ती उठवली. मासळीची सक्ती तशीच राहिली.

आता आपल्याला अधिक टोचणारा गैरसमज: देशाचं नाव म्हणजे शुद्धतेची हमी, ‘भारत’ लिहिलं असेल तर दूर राहा. मूळ देशाचा नियम खाद्यसुरक्षेचा नाहीच, तो फक्त माहितीचा आहे. आयात मासळीत बंदी असलेली प्रतिजैविकं सापडली की अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन ती अडवतं. भारतीय कोळंबीच्या खेपाही अशा अडल्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ते काम तपासणीचं आहे, मेनूकार्डाचं नाही. देशावरून एखाद्या तळ्यातली काळजी कळत नाही आणि एखाद्या बोटीवरचा बर्फही कळत नाही.

त्यावरून कोळंबीची जातही कळत नाही. भारतातून अमेरिकेला जाते ती मुख्यतः व्हॅनामाई कोळंबी. ही मुळात लॅटिन अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची, भारतात तिच्या संवर्धनाला २००९ मध्ये परवानगी मिळाली. लेबलवर ‘भारत’ येतं ते ती इथे वाढली म्हणून.

तरीही हे कायदे मला योग्य वाटतात. आखातातल्या कोळंबी पकडणाऱ्याला डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी यांचा भार पेलून तळ्यातल्या कोळंबीच्या भावाशी झुंजावं लागतं. त्याच्या किनाऱ्याचं नाव मिरवून दुसऱ्याचा माल खपत असेल तर तो त्याच्यावर अन्याय आहे. अन्याय आंध्रच्या शेतकऱ्यावरही आहे, कारण त्याच्या कष्टाचा माल त्याचं नाव पुसून विकला जातो.

ह्यूस्टन-डॅलसकडे बरीच मराठी घरं आहेत. बाजारात पापलेट घेताना ‘कुठलं?’ विचारायची सवय त्यांनी इथूनच नेलेली आहे. ती रेस्टॉरंटातही वापरा. टेक्ससमध्ये कोळंबीचा देश आपणहून सांगायचं बंधन रेस्टॉरंटवर नाही, पण विचारल्यावर परदेशी कोळंबीला टेक्ससची म्हणायची परवानगीही नाही.