पेरूचाळीचा नवस आणि गजेंद्राचे कमळ

गणेशोत्सवात लालबागच्या राजाच्या रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या भाविकास विचारावे, तर तो नवसाचे नाव घेतो. पहिला नवस कोणी बोलला, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. १९३२ मध्ये पेरूचाळीतील बाजार बंद झाला आणि तेथील कोळी व किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. डोक्यावर पाटी, वर ऊनपाऊस. जवळ ना धन, ना सत्ता. त्यांनी गणरायाला साकडे घातले, की बाजाराला हक्काची जागा मिळू दे. नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शहा आदी मंडळींच्या खटपटीने ती मिळाली, आणि १९३४ साली तेथे गणपती बसला तो कोळीवेशात. राजा म्हणविणारा देव आपल्या भक्तांचेच वस्त्र लेवून आला, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्या विक्रेत्यांनी नगरसेवकाचे दार वर्ज्य मानले नव्हते, हेही ध्यानी घ्यावे. देवावर भार टाकणारा अर्ज करीतच नाही असे नाही. अर्ज वाचणाऱ्यालाच तो दैवत समजत नाही, इतकेच.

श्रीमद्‌भागवताच्या अष्टम स्कंधातील गजेंद्राचे आख्यान आम्हां कीर्तनकारांच्या नित्याच्या पोतडीतले. त्रिकूट पर्वतावरील सरोवरात उतरलेल्या त्या यूथपतीचा पाय ग्राहाने धरला. बरोबरच्या हत्तींनी ओढून पाहिले, व्यर्थ. सहस्र वर्षे झुंज चालली. ग्राह पाण्यातला, त्याचे बळ वाढत गेले. गजाचे सरत गेले. तेव्हा त्याला पूर्वजन्मी शिकलेला जप आठवला. (संकटात नवे काही सुचत नाही, मुखी बसलेलेच ओठांवर येते, लहानपणी स्तोत्रे पाठ करून घेत, ती उगीच नव्हे.) मूळ संहिता मन लावून वाचली म्हणजे आणखी एक नवल दिसते. कीर्तनात आम्ही ‘देवा, पाय सोडव’ असे गजेंद्राच्या तोंडी घालतो. मुळात तो तसे मागतच नाही. या हत्तीच्या देहात जगून काय करावयाचे, असे म्हणून तो अज्ञानाच्या आवरणातून सुटका मागतो. आणि हरी येताना दिसताच, त्या वेदनेतही, सोंडेने एक कमळ उंच धरून नमन करतो.

हेच आख्यान १९८२ च्या गणेशोत्सवात परळच्या एका चाळीत माझ्या वडिलांनी लावले होते. मी मागे झांज घेऊन उभा होतो. १८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसलेले, भोंगे मुके. आरती झाल्यावर साचेखात्यातला एक वयस्क कामगार पुढे आला. म्हणाला, “बुवा, हत्तीसाठी हरी धावला. आमच्यासाठी कधी यायचा?” वडिलांनी मोठमोठ्या सभा गाजविल्या होत्या. त्या रात्री, “मला ठाऊक नाही हो,” एवढेच ते बोलले.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. असंख्य हात साच्यांकडे परतले नाहीत, आणि कित्येक गिरण्यांच्या जागी आज उत्तुंग मनोरे उभे आहेत. नवस तर त्याही वर्षी बोलले गेले असतील. पेरूचाळीचा फळला, गिरणगावाचा का नाही? याचे सोपे उत्तर जो देईल, त्याच्या विद्वत्तेचे मला भय वाटते. चाळीस वर्षे व्यासपीठावर उभा राहून मलाही वडिलांहून अधिक काही सांगता आलेले नाही.

त्या रात्री निघताना मंडळींनी बिदागीचे पाकीट पुढे केले. वडिलांनी हात मागे घेतला. “यंदा राहू द्या. मुलाबाळांच्या शिध्याला लावा.”

तोच कामगार थोडा कठोर झाला. “बुवा, मालकापुढे हात पसरला नाही, पुढाऱ्यापुढे नाही. गणपतीच्या कीर्तनाची उधारी आमच्या माथी ठेवू नका.”

वडिलांनी पाकीट घेतले, मस्तकी लावले. आत अकरा रुपये होते. जिना उतरताना ते मला म्हणाले, “कमळ पाहिलेस?” मी बावीस वर्षांचा होतो. मला वाटले, ते आख्यानाविषयीच बोलत आहेत.