रानपिंगळा: समज आणि वस्तुस्थिती

घुबड म्हटले की ते रात्रीच संचार करणार आणि दिवसभर ढोलीत डोळे मिटून बसणार, हा समज आपल्याकडे इतका दृढ आहे, की सातपुड्याच्या सागवनात भर उन्हात उघड्या फांदीवर बसून सरड्यावर नजर रोखणारा, शेपटीला वारंवार झटके देणारा आणि संधी साधताच जमिनीवर झेपावणारा रानपिंगळा प्रत्यक्ष पाहूनही पुष्कळांस ते घुबड वाटत नाही. दुसरा समज असा, की गावच्या जुन्या वडावर कलकलाट करणारा पिंगळा तो हाच. आकाराने दोघे जवळपास सारखे, सुमारे 23 सेंटिमीटर लांबीचे, हे खरे. परंतु गावच्या पिंगळ्याचा माथा पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला असतो, रानपिंगळ्याचा जवळजवळ कोरा, करडा-तपकिरी असतो, आणि त्याच्या शेपटीवरील पांढरे पट्टे ठळक व रुंद असतात.

तो नामशेष झाला, ही समजूत तर विद्वानांतही दीर्घकाळ रूढ होती. 1872 साली छत्तीसगडच्या फुलझर मुलखात ब्लेविट यांना तो प्रथम मिळाला, पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत अग्रभागी राहिलेल्या ह्यूम यांनी 1873 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि खानदेशातील अंमलदार डेव्हिडसन यांनी काही नमुने जमविले. 1884 नंतर मात्र एकही विश्वसनीय दाखला नाही. 1914 साली गुजरातेतील मांडवी येथे आपण एक पक्षी मिळविला, असा कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा दावा होता, आणि त्यावर विसंबून केलेली शोधाशोध व्यर्थ गेली. तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसन यांचाच, उसवून पुन्हा भरलेला होता, हे पामेला रासमुसेन यांनी बारकाईच्या तपासणीने सिद्ध केले. खोटे दप्तर बाजूस सारून अस्सल नोंदींच्या मुलखात शोध घेतल्यावर, 1997 च्या नोव्हेंबरात, शहाद्याजवळ, त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना तो पक्षी सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडावर बसलेला आढळला. एका प्रतिष्ठिताच्या असत्याने विज्ञानाची केवढी दिशाभूल होते, याचे याहून बोलके उदाहरण पक्षिशास्त्रात क्वचितच सापडेल.

सापडला म्हणून तो निर्धास्त झाला, हेही खरे नव्हे. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट, तानसा येथे त्याचे अस्तित्व नोंदले गेले आणि 2018 साली जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त वर्गातून संकटग्रस्त वर्गात आला, तरी वनजमिनीवरील अतिक्रमण व वृक्षतोड थांबलेली नाही, आणि अंधश्रद्धेपायी घुबडांची हत्याही अद्याप होते. त्याची मादी झाडाच्या नैसर्गिक ढोलीत दोन-तीन अंडी घालते. अशी ढोली जुन्या वृक्षांतच असते, आणि जळणाच्या हिशेबात नेमके तेच वृक्ष आधी तुटतात.