आज्ञावलीचें माहितीपत्रक व त्याचा नवा वाचक

कोणतेंही साधन तयार करणाऱ्या कारागिरास त्याचे सर्व गुणदोष ठाऊक असतात. वापरणारास मात्र त्यांतील जेवढें लिहून ठेविलें असेल तेवढेंच कळतें. संगणकाच्या आज्ञावलींना हा नियम विशेषच लागू पडतो, कारण आज्ञावली उघडून आंत पाहणें सामान्य मनुष्यास शक्य नसतें. म्हणूनच युनिक्स या प्रणालीचे कर्ते केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं ता. ३ नोव्हेंबर १९७१ रोजीं तिची पहिली माहितीपुस्तिका सिद्ध केली. आज्ञेचें नांव, ती लिहिण्याची रीत, तिचें कार्य आणि शेवटाकडे तिच्यांतील ज्ञात दोष, असा तिचा क्रम होता. आपल्या कृतीचे दोष आपणच छापण्याचा हा प्रामाणिकपणा आजही अनुकरणीय आहे.

परंतु त्या पुस्तिकेचा वाचक मनुष्य होता. आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट म्हणून ओळखला जाणारा नवा वाचक पुढें आला आहे. तो माहितीपत्रक वाचतो, त्यावरून आज्ञा रचतो, ती स्वतःच चालवितो आणि आलेलें उत्तर पाहून पुढची आज्ञा देतो. लिखाणांत उणीव आढळली तर मनुष्य शेजारच्या जाणत्यास विचारतो, किंवा शंका येऊन हात आवरतो. एजंटाजवळ असा शेजारी बहुधा नसतो. पुष्कळदां तो संभाव्य वाटेल त्या तर्कानें उणीव भरून काढतो, आणि तो तर्क तत्काळ कृतींत उतरतो.

याचें बोलकें उदाहरण म्हणजे आरसिंक ही आज्ञावली. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेली ही आज्ञावली एका ठिकाणच्या फाईली दुसऱ्या ठिकाणीं जशाच्या तशा उतरविते. 'चित्रें' नांवाचें फोल्डर 'पेटी' नांवाच्या फोल्डरांत पाठवावयाचें आहे, अशी कल्पना करावी. मूळ नांवापुढें तिरपी रेघ दिली, तर आंतील चित्रें थेट पेटींत पडतात. रेघ न दिली, तर पेटींत 'चित्रें' असें निराळें फोल्डर तयार होतें. आतां याच आज्ञेस 'डिलीट' हा पर्याय जोडला, म्हणजे मूळ ठिकाणीं जें नाहीं तें दुसऱ्या ठिकाणाहून काढून टाकलें जातें. रेघ नसतांना ही छाटणी त्या निराळ्या फोल्डरापुरतीच होते. रेघ असतांना मात्र पेटींत आधींपासून असलेले हिशेब, पत्रें, सर्व कांहीं पुसलें जातें. एका रेघेवर घरादाराचे कागद अवलंबून!

या गोष्टी आरसिंकच्या पुस्तिकेंत लिहिलेल्या आहेत. अडचण एवढीच कीं रेघेचें विवेचन एका प्रकरणांत, तर 'डिलीट'चें बऱ्याच अंतरावर दुसऱ्या प्रकरणांत आहे. आणि एजंट अनेकदां संपूर्ण पुस्तिका न वाचतां शोधून काढलेला तेवढा उताराच वाचतो. यास्तव धोक्याची सूचना धोक्याच्या शेजारींच असावी, मग पुनरुक्तीचा दोष पत्करावा लागला तरी चालेल. रेघेचा परिणाम, त्याचें एक पूर्ण उदाहरण, आणि कांहीं न बदलतां काय होईल तेवढें दाखविणारा 'ड्राय-रन' हा पर्याय आधीं वापरावा अशी सूचना, या तिन्ही गोष्टी 'डिलीट'च्या वर्णनांतच एकत्र असाव्यात.

नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक या कंपनीनें मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नांवाचा संकेत प्रसिद्ध केला. प्रत्येक साधनानें आपलें नांव, शब्दांत वर्णन आणि घ्यावयाच्या माहितीचा आराखडा एजंटास कळवावा, अशी त्यांत योजना आहे. मार्च २०२५ च्या आवृत्तींत, साधन केवळ वाचन करतें कीं नाश घडवूं शकतें, हें सुचविण्याचीही सोय झाली. तरी शब्दांतील वर्णनाचें महत्त्व कमी होत नाहीं. तारखेच्या जागीं मजकूर हवा एवढेंच आराखडा सांगत असेल, तर ०३/०४/२०२५ म्हणजे भारतीय रीतीनें ३ एप्रिल कीं अमेरिकन रीतीनें ४ मार्च, हें वर्णनानेंच स्पष्ट केलें पाहिजे. साधन केव्हां वापरूं नये, हेंही तेथेंच सांगावें.

चूक दाखविणारा संदेश हाही माहितीपत्रकाचाच भाग होय. 'आज्ञा अमान्य' एवढेंच म्हटलें, तर एजंट तीच चूक निराळ्या वेषांत पुन्हा करण्याचा संभव असतो. 'तारीख २०२५-०४-०३ अशी द्यावी' असें म्हटलें, तर सुधारणेची वाट त्याला तेथेंच सांपडते.

लेखन पुरेसें झालें कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे. नमुन्याच्या फाईली ठेवून, केवळ तें पत्रक एजंटाच्या हातीं द्यावें व काम सांगावें. तो जेथें अडखळेल तेथें प्रथम लेखन तपासावें. साधन बदललें कीं पत्रकही त्याच दिवशीं बदलावें. जुनें पत्रक खरें मानून चालणारा वाचक कोऱ्या पानापेक्षां त्यानेंच अधिक फसतो.

तथापि उत्तम लेखन म्हणजे कुंपण नव्हे. जें पुसल्यावर परत मिळत नाहीं, तें पुसण्यापूर्वीं माणसाची संमति घेण्याची अट साधनांतच असली पाहिजे. आणि एजंटासाठीं एवढ्या काळजीनें लिहिलेलें पत्रक कचेरींत नुकत्याच रुजू झालेल्या उमेदवारासही तितकेंच उपयोगी पडतें; कारण प्रत्येक वेळीं शेजाऱ्यास विचारण्याची सोय त्यालाही नसते.