यंत्रांच्या भाषा : भाग ७
तीन ओळींचं व्याकरण

कंपायलर प्रोग्रामचा मजकूर सुटा करून त्यातले शब्द, अंक आणि चिन्हं कशी वेगळी काढतो, ते मागच्या भागात पाहिलं. पण सुटे शब्द हाती आले म्हणजे वाक्य झालं असं नाही. ते झालं की नाही, हे ठरवायचं कोणी?

जॉन बॅकस यांच्या आयबीएममधल्या चमूने १९५७ मध्ये फोर्ट्रान आणली, तेव्हा तिचे नियम मॅन्युअलमध्ये साध्या इंग्रजीत, उदाहरणांसह सांगितलेले होते. शंका आली तर कंपायलर चालवून बघायचं. तो घेईल ते बरोबर. एका कंपनीच्या यंत्रापुरतं हे खपलं. अल्गोल मात्र युरोप-अमेरिकेतल्या जाणकारांनी मिळून ठरवलेली भाषा होती, कुठल्याच यंत्राला न बांधलेली. तिथे विचारायला कंपायलरच नव्हता. म्हणून बॅकस यांनी १९५९ मध्ये पॅरिसच्या युनेस्को परिषदेत नियम लिहिण्याची एक काटेकोर पद्धत मांडली. डेन्मार्कच्या पीटर नाउर यांनी ती सुधारून अल्गोल ६०च्या अहवालात वापरली. तीच आजची ‘बॅकस-नाउर फॉर्म’. हे नाव डोनाल्ड कनूथ यांनी १९६४ मध्ये सुचवलं.

चिन्हं थोडी बदलून या पद्धतीचा एक नमुना देतो :

पदावली → पद | पदावली + पद
पद → अवयव | पद × अवयव
अवयव → संख्या | ( पदावली )

उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. डावीकडची तिन्ही नावं प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये कुठेच दिसत नाहीत. तिथे असतात फक्त अंक, चिन्हं आणि कंस. ‘पदावली’ हे आपण एका अख्ख्या जातीला दिलेलं नाव आहे, आणि अमूर्तीकरण म्हणतात ते हेच. एकदा नाव दिलं की ते स्वतःच्याच व्याख्येत वापरता येतं. शेवटच्या ओळीत कंसाच्या आत पदावली पुन्हा आली आहे, पाहा. त्यामुळे कंसात कंस कितीही खोल गेले तरी नियम तीनच पुरतात.

आता २ + ३ × ४ घ्या. शाळेत आपण ‘कंचेभागुबेव’ घोकलं. इथे तसा वेगळा नियम कुठेच नाही. तरीही २ + ३ आधी एकत्र करता येत नाहीत, कारण गुणाकाराच्या डावीकडे ‘पद’ लागतं आणि २ + ३ हे कंसाशिवाय पद होत नाही. गुणाकाराचा मान नियमांच्या उतरंडीतच मुरलेला आहे. मला या साऱ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

इथे पाणिनी आठवणारच. पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकाला पत्र लिहून ‘पाणिनी-बॅकस फॉर्म’ असं नाव सुचवलं होतं. त्यावरून ‘संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा’ असं जे फिरत असतं, त्याला मात्र काही आधार नाही. साम्य आहे ते नियम लिहिण्याच्या रीतीत. सगळ्या स्वरांना ‘अच्’, सगळ्या व्यंजनांना ‘हल्’ म्हणणं हे ‘पदावली’ म्हणण्याच्याच जातीचं काम. फरकही मोठा आहे. संधीचा नियम शेजार पाहतो : ‘इति’मधल्या शेवटच्या इचा य होतो, कारण पुढे ‘आदि’चा आ आहे. आपल्या तीन ओळी शेजार पाहत नाहीत. ‘पद’ कुठेही येवो, त्याचा विस्तार तोच. नोम चॉम्स्की यांच्या १९५९च्या प्रतवारीत अशा व्याकरणांना ‘संदर्भमुक्त’ म्हटलं जातं.

शेजार न पाहण्याची किंमत मोजावी लागते. वापरलेलं चलनाम आधी जाहीर केलं होतं का, हे असं व्याकरण सांगू शकत नाही. ते काम कंपायलरच्या पुढच्या टप्प्याकडे जातं. पुढच्या आठवड्यात तिथेच जाऊ.

तोवर कागद-पेन्सिल घेऊन एवढं करून पाहा. पहिल्या ओळीत अधिकच्या जागी उणे घाला, आणि ‘पदावली − पद’ऐवजी ‘पद − पदावली’ लिहा. वैध वाक्यांची यादी तसूभरही बदलत नाही, पण १० − ४ − ३ चं उत्तर ३ ऐवजी ९ येतं.