सेकंडहँड डब्ल्यूआरएक्स घेताना
अमेरिकेत २०१५ ते २०२१ या काळातली सुबारू डब्ल्यूआरएक्स जुन्या बाजारातही भाव खाऊन असते. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २६८ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद. पण आधीचा मालक बहुधा हौशी असतो, आणि मेख तिथेच आहे. ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरशी छेडछाड केलेली गाडी, कितीही चकाचक असो, सोडून द्यावी. मग टायर बघा. चारही एकाच मेकचे, सारखेच झिजलेले हवेत. घेरात पाव इंचाहून जास्त फरक पडला, की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल सतत राबतो, तापतो आणि खराब होतो. म्हणजे एक टायर फाटला तरी बऱ्याचदा चारही बदलावे लागतात! इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून घ्या, ऑइलची पातळी स्वतः तपासा. सर्व्हिसच्या पावत्या नसतील, तर सौदा करू नका.