महाराष्ट्राची रोजगार हमी योजना : दारिद्र्य निर्मूलन आणि कामाचा हक्क

प्रस्तावना :
स्वातंत्र्योत्तर काळात दारिद्र्य निर्मूलनासाठी देशात अनेक योजना राबविण्यात आल्या. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम, जवाहर रोजगार योजना व स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना या त्यांपैकी प्रमुख होत. त्यांत लाभार्थी ठरविण्याचा अधिकार मुख्यतः यंत्रणेकडे होता. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने हा क्रम उलटा केला. येथे काम मागणारा मजूर स्वतःच लाभार्थी ठरतो.

उगम व स्वरूप :
या योजनेचे जनक वि. स. पागे होत. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड सिद्ध केली. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास १५ दिवसांत ते पुरविणे, अन्यथा बेकारी भत्ता देणे, हे शासनाचे कायदेशीर कर्तव्य ठरले. स्त्री-पुरुषांना समान मजुरी हेही तिचे वैशिष्ट्य होय. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ही कामे तिच्यातून झाली. १९९० पासून फळबाग लागवडही तिला जोडण्यात आली.

निधी :
प्राध्यापकांसह नोकरदारांच्या वेतनातून कपात होणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये प्रामुख्याने याच योजनेसाठी लागू झाला. राज्य शासन त्यात आपला वाटा घालीत असे. अशा रीतीने शहरी उत्पन्नाचा अंश ग्रामीण मजुरापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था निर्माण झाली.

मर्यादा :
१९८८ मध्ये किमान वेतनवाढीबरोबर योजनेची मजुरी मोठ्या प्रमाणात वाढली. मजुरी वाढल्यास मागणी वाढावयास हवी. प्रत्यक्षात हजेरी घटली. मार्टिन रॅव्हॅलियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा अर्थ स्पष्ट केला : गरज संपली नव्हती, कामे मर्यादित करण्यात आली होती. बेकारी भत्ताही नाममात्र असल्याने काम नाकारण्याची किंमत यंत्रणेला मोजावी लागत नव्हती.

राष्ट्रीय विस्तार :
याच विचारावर आधारित राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ ने प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांची हमी देणारा नवा कायदा संमत केला. पूर्वी अकुशल मजुरीचा संपूर्ण भार केंद्राकडे होता; नव्या कायद्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांवर ४० टक्के वाटा आला आहे.

निष्कर्ष :
दिवसांची संख्या वाढली म्हणजे हमी बळकट झाली, असे नव्हे. निधी आटला की हक्काचे रूपांतर कृपेत होते, हा १९८८ नंतरचा धडा आहे. मजुराच्या मागणीची दिनांकित पोच, वेळेवर मजुरी आणि विलंबाची जबाबदारी या तीन गोष्टी पाळल्या गेल्या, तरच पागे यांच्या संकल्पनेतील ‘हमी’ हा शब्द सार्थ ठरेल.